माडीवर नेट का पोचत नाही, आणि दुसरा राउटर नेमका कसा जोडायचा

फायबर आता कोल्हापूरच्या गल्लीगल्लीत आलं आहे. शंभर-दोनशे एमबीपीएसचे प्लॅन लोक सहज घेतात. कनेक्शन द्यायला आलेला माणूस दाराजवळच्या खोलीत डबा बसवतो, मोबाईलवर स्पीड दाखवतो आणि जातो. संध्याकाळी लक्षात येतं की स्वयंपाकघरात व्हिडिओ अडकतोय, माडीवर कॉल तुटतोय, आणि बारावीच्या मुलीला ऑनलाइन तासाला जिन्यात बसावं लागतंय. मग तक्रार होते, त्यापाठोपाठ मोठा प्लॅन घेतला जातो. पैसे वाढतात आणि मागच्या खोलीतलं गोल फिरणारं चक्र तसंच राहतं.

अशा बहुतेक घरांत दारापर्यंत नेट व्यवस्थित आलेलं असतं. ते घराच्या आत पसरत नाही, एवढंच. म्हणून प्लॅन वाढवून उपयोग होत नाही. उपाय म्हणजे दुसरा राउटर, आणि तो पुष्कळदा घरातच कपाटात पडलेला असतो. पण तो कसा जोडला यावर सगळं ठरतं. माझं सांगणं एकच आहे: पहिल्या राउटरपासून दुसऱ्यापर्यंत वायर ओढा. पैसे आणि मेहनत घालायची ती या वायरीत.

डब्यात काय काय असतं

ज्याला आपण सरसकट मॉडेम म्हणतो त्या डब्यात तीन कामं एकत्र चालतात. पहिलं, फायबरमधून आलेल्या प्रकाशाचं विजेच्या संदेशात रूपांतर करणं. दुसरं काम राउटरचं: बाहेरून आलेलं एक कनेक्शन घरातल्या फोन, टीव्ही, लॅपटॉप यांच्यात वाटणं आणि कुठली माहिती कुणाकडे जायची ते सांभाळणं. तिसरं, ही माहिती रेडिओ लहरींनी हवेतून पाठवणं, म्हणजे वायफाय. हे तिसरंच काम फक्त करणाऱ्या उपकरणाला ॲक्सेस पॉइंट म्हणतात.

दुसऱ्या राउटरकडून आपल्याला एवढं तिसरंच काम हवं असतं. वाटपाचं काम पहिला करतोच आहे. दोघंही वाटायला लागले की घोटाळा होतो. तो कसा, हे पुढे येईल.

भिंतीत काय होतं

वायफायच्या लहरी आणि उजेड एकाच जातीचे आहेत. सोप्यातल्या दिव्याचा उजेड परड्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा आपण सोप्यात हजारचा बल्ब लावत नाही. वायर ओढतो आणि मागे दुसरा दिवा लावतो. वायफायच्या लहरी विटेतून थोड्याफार आरपार जातात, उजेड जात नाही, हा फरक सोडला तर हिशेब तोच आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की लहरींची ताकद पाव होते. भिंतीत जाते ती आणखी वेगळी.

घराघरांतला राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ चा वेग कमी, पण तो भिंती बऱ्यापैकी ओलांडतो. ५ चा वेग मोठा, पण एक-दोन जाड भिंतींत त्याचा दम संपतो. सोप्यात दिसलेला झकास स्पीड बहुधा ५ चा असतो. मागच्या खोलीत फोन गुपचूप २.४ वर उतरलेला असतो.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतली जुनी घरं अरुंद आणि लांब आहेत: पुढे सोपा, मग एकामागे एक खोल्या, शेवटी परडं. सिग्नलला सगळ्या आडव्या भिंती ओळीनं पार कराव्या लागतात, आणि दगड-विटांच्या जुन्या भिंती हातभर रुंद असतात. पन्हाळा, गगनबावड्याकडच्या जांभ्याच्या घरांतही हीच गत. नव्या अपार्टमेंटमध्ये भिंती पातळ आहेत, पण स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांचं जाळं असतं, त्यामुळे वरच्या मजल्यावर रेंज एकदम पडते. पाणी आणि धातू हे वायफायचे सगळ्यात मोठे अडथळे. पाण्याची टाकी, फ्रिज, लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची काचेची पेटी, यांच्यामागे सावली पडते.

हे मोजताही येतं. अँड्रॉइड फोनवर वायफायची ताकद दाखवणारी मोफत ॲप आहेत. त्यात उणे चिन्हाचा आकडा दिसतो. उणे ५० च्या आसपास असेल तर उत्तम. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ पर्यंत चालतं. उणे ८० दिसलं की तिथे काम होत नाही. या मोजमापात १० चा फरक म्हणजे ताकद दहापट कमी, त्यामुळे उणे ६० आणि उणे ८० मध्ये शंभरपटीचं अंतर आहे. खर्च करण्याआधी फोन हातात घेऊन घरभर एक फेरी मारा आणि प्रत्येक खोलीचा आकडा कागदावर लिहा. अर्धं उत्तर त्या कागदावरच मिळतं.

आधी डबा हलवून बघा

टीव्हीच्या मागे, जिन्याखाली किंवा लाकडी शोकेसच्या तळाशी ठेवलेला राउटर घराच्या मध्याकडे, उघड्यावर, डोक्याच्या उंचीला आणला तर पुष्कळ छोट्या घरांचा प्रश्न तिथेच सुटतो. फायबरची वायर मात्र आपल्या हातानं ओढू नका. आत काच असते. ती घट्ट मुरडली की प्रकाश बाहेर गळतो आणि कनेक्शनच हळू होतं. ते काम नेटवाल्याला सांगावं, आणि नवं कनेक्शन घेत असाल तर डबा कुठे बसणार हे आधीच ठरवून ठेवावं.

मोठ्या अँटेनाचा महाग राउटर घेतला तर?

दुकानात हा प्रश्न हमखास येतो, आणि सहा-आठ अँटेना लावलेला डबा दिसायलाही दणकट असतो. पण वायफाय म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलणं. राउटर कितीही जोरात बोलला तरी फोनला उत्तर द्यावं लागतं, आणि फोनच्या आतली अँटेना इवलीशी आणि ताकद कमी असते. म्हणून फोनवर रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. राउटरनं किती ताकदीनं बोलायचं यावर कायद्याची मर्यादाही आहे. चांगला राउटर घेतला तर फायदा होतो, पण तो एकाच वेळी अनेक उपकरणं सांभाळण्यात. चार जाड भिंती पार करणं त्याच्याही आवाक्यात नसतं.

रिपीटर स्वस्त आहे, तो का नको?

रिपीटर म्हणजे थेट प्लगमध्ये खोचायचा छोटा डबा. तो पहिल्या राउटरचा सिग्नल हवेतूनच ऐकतो आणि पुढे पुन्हा सांगतो. वायर लागत नाही, म्हणून तो खूप विकला जातो.

अडचण अशी की एकाच रेडिओनं ऐकायचं आणि बोलायचं असेल तर दोन्ही एका वेळी होत नाही, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो रेंज नसलेल्या खोलीतच लावतात. तिथे त्याला जे मोडकंतोडकं ऐकू येतं, तेच तो मोठ्या आवाजात सांगतो. समजा सोप्यात १०० एमबीपीएस आहे आणि मधल्या खोलीत ४० उरतात. रिपीटर मधल्या खोलीत लावला तर मागे फार तर २० मिळतील. मेसेज आणि गाण्यांना तेवढं पुरतं. पण घरून काम करणारं माणूस किंवा ऑनलाइन क्लास असेल तर मी रिपीटर सुचवणार नाही. वायर ओढणं अगदीच अशक्य असेल तर दोन्ही पट्ट्यांवर चालणारा घ्या, आणि तो मध्यावर, जिथे अजून चांगली रेंज आहे तिथे लावा.

वायर ओढायची कशी

दोन राउटर जोडायच्या या वायरीला लॅन केबल म्हणतात. तिच्यात तांब्याच्या तारांच्या चार जोड्या असतात. कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रकारची केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस वाहून नेते. कुठल्याही घराला हे भरपूर आहे. घेताना दोन गोष्टी विचारा. तार शुद्ध तांब्याची आहे, की ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा? मुलाम्याची स्वस्त पडते, पण टोकाशी लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. दुसरं, जॅक लावताना चारही जोड्या बसवल्या आहेत ना? दोनच बसवल्या तर नेट चालतं, पण वेग १०० च्या वर कधीच जात नाही आणि कारण कुणाच्या ध्यानात येत नाही.

भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही, हे खरं. तिथे दाराच्या चौकटीलगत किंवा फरशीच्या कडेनं पांढरी क्लिप मारत नेलेली केबल आठवडाभरात नजरेआड होते. दाराखालून न्यायला चपटी केबलही मिळते. जुन्या घरात लाकडी तुळईच्या कडेनं नेणं सोपं जातं. स्वतःचं घर बांधत असाल तर हात जोडून सांगतो, प्रत्येक मजल्यावर एक रिकामा पाइप नेटसाठी वेगळा टाका. प्लॅस्टर व्हायच्या आधी त्याचा खर्च नगण्य असतो.

विजेच्या पाइपातून मात्र लॅन केबल नेऊ नका. इलेक्ट्रिशियन सोय म्हणून तसं करतात, पण विजेच्या तारेचं आवरण खराब झालं तर ती वीज राउटरपर्यंत आणि तुमच्या हातापर्यंत येऊ शकते. बाहेरून न्यायची असेल तर उन्हापावसात टिकणारी काळी, बाहेरच्या वापराची केबल घ्या. आपल्याकडचा पाऊस आतल्या वापराची केबल एका हंगामात खराब करतो. केबल भिंतीतून आत शिरते त्याच्या आधी तिला खाली थोडा झोल द्या, म्हणजे पाणी तिथेच निथळतं.

घर आणि शेड, किंवा घर आणि शेतातली खोली अशा दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील तर तांब्याची तार टाळावी. जवळपास वीज पडली की त्या तारेतून दाब येतो आणि दोन्ही टोकांची उपकरणं जळतात. तिथे फायबर टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर नावाचे छोटे डबे बसवतात. काचेतून वीज वाहत नाही.

आता जोडणी

या टप्प्यावर सगळ्यात जास्त गडबड होते, म्हणून सावकाश वाचा.

घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. हे पत्ते वाटण्याच्या सोयीला डीएचसीपी म्हणतात. घरात पत्ते वाटणारा एकच असला पाहिजे. दुसरा राउटर जसाच्या तसा जोडला तर तोही वाटू लागतो, आणि मग दोनपैकी एक प्रकार घडतो. कधी काही उपकरणांना चुकीच्या वाटेचा पत्ता मिळतो आणि त्यांचं नेट अधूनमधून बंद पडतं. कधी दुसऱ्या राउटरखाली एक वेगळंच छोटं जाळं तयार होतं. नेट चालतं, पण माडीवरच्या फोनवरून खालचा प्रिंटर सापडत नाही आणि फोनवरचा फोटो टीव्हीवर जात नाही.

म्हणून दुसरा राउटर पहिल्याला जोडण्याआधीच त्याची तयारी करून घ्यायची. मागच्या बारीक छिद्रात पिन घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे जुन्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. मग लॅपटॉप किंवा फोन फक्त त्याच राउटरला जोडा. खालच्या स्टिकरवर त्याचा पत्ता आणि पासवर्ड छापलेला असतो. पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पासवर्ड दिला की सेटिंगचं पान उघडतं.

तिथे ॲक्सेस पॉइंट मोड असा पर्याय दिसला तर तो निवडा. वाटपाचं काम राउटर आपणहून सोडून देतो. मग पहिल्या राउटरच्या लॅन भोकातून आलेली केबल याच्या वॅन भोकात, म्हणजे वेगळ्या रंगाच्या भोकात लावा, आणि काम झालं.

हा पर्याय नसेल तर हातानं करायचं. आधी दुसऱ्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदला. पहिला १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२५० द्या, आणि पहिल्याच्या पानावर जाऊन त्याचं वाटप २०० पर्यंतच मर्यादित करा, म्हणजे २५० दुसऱ्या कुणाला जाणार नाही. मग दुसऱ्यातलं डीएचसीपी बंद करा. शेवटी केबल त्याच्या लॅन भोकात लावा. या पद्धतीत वॅनचं भोक रिकामंच राहतं, आणि बहुतेकांची चूक तिथेच होते. नवा पत्ता कागदाच्या चिठ्ठीवर लिहून राउटरच्या पोटाला चिकटवा. वर्षभरानं पान उघडायची वेळ आली की तोच लागतो.

दोन राउटरमध्ये केबल एकच असावी. जास्त वेग मिळेल म्हणून दोन लावल्या तर माहिती गोल फिरत राहते आणि सगळं घर बंद पडतं.

एकच नाव की दोन?

दोन्ही राउटरना वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अगदी तोच ठेवा. घरात फिरताना फोन आपोआप एका राउटरवरून दुसऱ्यावर जातो. घरातल्या वयस्कर माणसांना नेट निवडत बसावं लागत नाही, आणि माझ्या मते हा फायदा सगळ्यात मोठा आहे.

आक्षेप असा येतो की फोन जुन्या राउटरला चिकटून राहतो. हे खरं आहे. कुठे जोडायचं याचा निर्णय फोन घेतो, राउटर नाही, आणि सिग्नल फारच पडेपर्यंत काही फोन हलत नाहीत. दोन राउटर फार जवळ असतील तर हे जास्त जाणवतं. बऱ्याच राउटरच्या सेटिंगमध्ये सिग्नलची ताकद कमी करण्याची सोय असते. दोन्हीकडे ती एक पायरी खाली आणली की फोन लवकर हलतो. टीव्ही आणि कॉम्प्युटर एका जागी बसलेले असतात. त्यांना राउटरच्या रिकाम्या भोकातून थेट वायरच द्या, म्हणजे हवेतली गर्दीही कमी होते.

गल्लीतली गर्दी

पेठेतल्या गल्लीत फोनवर वायफायची यादी उघडली की शेजाऱ्यापाजाऱ्यांची पंधरा-वीस नावं सहज दिसतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे पट्ट्यातल्या वाटा, तीनच आहेत: १, ६ आणि ११. सगळी गल्ली त्या तिनांत कोंबलेली असते. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ च्या आसपासच चालतो. आपल्या दोन राउटरना तरी वेगळे चॅनेल द्या, एकाला १ आणि दुसऱ्याला ११. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा पुष्कळ आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं त्यातला बराच मोठा भाग विनापरवाना खुला केला. राउटर जवळच्या खोलीत आला की फोनला ५ वर राहणं जमतं आणि गल्लीच्या गर्दीतून सुटका होते. दुसऱ्या राउटरचा हा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही.

मेश घेतलं तर?

मेश म्हणजे एकमेकांशी जुळवून घेणारे दोन-तीन राउटर, एकाच ॲपवरून चालणारे. सेटिंगची कटकट नाही, आणि फोनची एका राउटरवरून दुसऱ्यावर बदलीही सुरळीत होते. खर्च परवडत असेल तर चांगलं आहे. पण हवेतून जोडलेल्या मेशलाही रिपीटरसारख्याच भिंती आडव्या येतात. त्यातल्या त्यात एकमेकांशी बोलायला वेगळा रेडिओ असलेले मेश बरे. बहुतेक मेशना केबल लावता येते, आणि केबल लावली की ते खरे चालतात.

घरात आणखी एक डबा म्हणजे आणखी किरण?

ही काळजी विशेषतः लहान मुलं असलेल्या घरांत असते आणि ती झटकून टाकू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं, कारण पुरावा मर्यादित होता. या लहरींत क्ष-किरणांसारखी अणूंतले इलेक्ट्रॉन उडवून लावण्याची शक्ती नाही. राउटरची ताकद साधारण एक दशांश वॅट असते, आणि काही फुटांवर ती फारच विरते. कानाला लावलेला फोन त्याहून कितीतरी जवळ असतो, आणि टॉवरची रेंज कमी असली की तो जास्त ताकद लावतो. तरी मन मानत नसेल तर राउटर उशाशी न ठेवता जिन्याच्या वरच्या भिंतीला लावा. रेंजच्या दृष्टीनंही ती जागा चांगली.

विजेचा खर्च किरकोळ आहे. १० वॅटचा राउटर महिनाभर अखंड चालला तरी सुमारे ७ युनिट लागतात.

कपाटातला जुना राउटर चालेल का?

टेलिफोनच्या वायरीवर चालणारा ब्रॉडबँडचा जुना डबासुद्धा वरच्या पद्धतीनं वापरता येतो. फोनचं भोक सोडून द्यायचं आणि केबल लॅन भोकात लावायची. मात्र अशा बहुतेक डब्यांत २.४ चाच पट्टा आणि १०० एमबीपीएसचीच भोकं असतात. माडीवर मोबाईल बघायला पुरे, मोठ्या कामाला अपुरं. आणि त्यात किमान डब्ल्यूपीए-२ ही सुरक्षा असायला हवी. त्याआधीच्या पद्धती सहज फोडता येतात, आणि तुमच्या नेटवरून कुणी काही गैर केलं तर चौकशी तुमच्या दारात येते. सेटिंगच्या पानाचा स्टिकरवरचा पासवर्डही बदलून टाका.

लाईट गेली तर

महावितरणची लाईट गेली की पहिला राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो आणि माडीवरचा बंद पडतो, कारण तिथल्या प्लगला बॅकअप नसतो. राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो. घेताना दोन्ही अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून जा. बरेच १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. चुकीचा लावला तर राउटर जळू शकतो.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, दुधाळीकडच्या सखल भागांत ज्यांच्या घरात पाणी आलं, त्यांनी क्रम उलटा ठेवावा. फायबरचा मुख्य डबा माडीवर बसवून घ्यावा आणि दुसरा राउटर खालच्या मजल्यावर लावावा. पाणी चढू लागलं की खालचा प्लग काढून राउटर उचलायचा, केबलचं टोक सोडायचं. गल्लीतली लाइन सुरू असेल तोवर वर अडकलेल्या माणसांना नेट मिळत राहतं.